घरघंटीचा अमेरिकन ड्राफ्ट

अमेरिकन फुटबॉल हा मुख्यतः हाताने खेळायचा खेळ आहे, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि एवढ्याच भांडवलावर मी युट्रेख्टमधल्या एका मराठी घराच्या सामानाची वाटणी करायला निघालो.

त्याचं असं झालं. आमचे मित्र मंदार आणि केतकी कायमचे पुण्याला परत चालले होते. इथून कुणी परत निघालं की त्यांचं सामान बाकीच्या मराठी घरांत वाटलं जातं. (डच माणूस जुना सोफा सरळ फुटपाथवर ठेवतो. आपण फोन करून विचारतो, "हवाय का?" आणि समोरचा "छे, कशाला उगाच!" म्हणत गाडीची किल्ली शोधायला लागतो.) पण मागच्या खेपेला एका इडलीपात्रावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते अजून बंदच आहे. म्हणून केतकीने आधीच हात जोडले.

"मला जाताना भांडणं नकोत हं. काहीतरी पद्धत काढा."

पद्धत! माझे कानच टवकारले. ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या आमच्या ऑफिसात ब्रायन नावाचा एक अमेरिकन आहे. दुपारी सगळे पावात चीज घालून मुकाट्याने खात असतात, तेव्हा हा एकटा बोलत असतो. त्याने मला आदल्याच आठवड्यात त्यांच्या फुटबॉलमधला ड्राफ्ट समजावून सांगितला होता. मला त्यातलं निम्मं कळलं होतं. मी मात्र ते पूर्ण सांगायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी आम्ही मंदारच्या हॉलमध्ये जमलो. संघ तीन. एक आमचा, म्हणजे मी आणि माझी बायको मेघना. दुसरा आमच्याच गल्लीतल्या शिरीष आणि वैशालीचा. तिसरा तेजसचा, तो एनस्खेडेला पीएचडी करतो, एकटाच असतो आणि ट्रेनने रिकामी बॅग घेऊन आला होता. तेजस मेघनाला ताई म्हणतो आणि मला काका. (मेघना आणि मी एकाच वर्षी जन्मलो आहोत. हे मी त्याला बऱ्याचदा सांगून पाहिलंय.)

"तर," मी उभा राहिलो, "अमेरिकेत दरवर्षी कॉलेजातून नवे खेळाडू बाहेर पडतात. त्यांनी कुठल्या संघात जायचं ते त्यांनी ठरवायचं नसतं. सगळे संघ आळीपाळीने एकेकाला निवडतात."

"म्हणजे लिलाव. आपल्या क्रिकेटसारखा," शिरीष म्हणाला.

"अजिबात नाही! लिलावात ज्याचा खिसा मोठा त्याची मजा. इथे मागच्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट खेळला, त्याला पहिली निवड. जिंकलेल्याला शेवटची."

"हरल्याबद्दल बक्षीस?" मंदारला हे झेपेना. "मग सगळे मुद्दामच हरतील की!"

"तसा संशय घेतात म्हणे काही जणांवर," मी म्हणालो. (हे ब्रायन म्हणाला होता की मला तसं वाटलं होतं, देव जाणे.) "पण त्यामुळे दुबळ्याला वर यायची संधी मिळते. आणि निवडायच्या आधी सगळ्या खेळाडूंना एका ठिकाणी बोलावून पळवतात, उड्या मारायला लावतात, हाताचा पंजासुद्धा मोजतात!"

"बघण्याचा कार्यक्रमच आहे हा," वैशाली म्हणाली. "पोहे कोण करतं?"

मी दुर्लक्ष केलं. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एक निवड, अशा त्यांच्या सात फेऱ्या असतात. निवडीला वेळ ठरलेली असते, ती संपली की पुढचा संघ तुमच्या आधी नाव सांगून मोकळा. हे सगळं मी सांगितलं. घड्याळ आणि पुकारा आमच्या ईशाकडे दिला. ती तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

आता इथे घरघंटीबद्दल सांगायलाच हवं. केतकीकडे एक पांढरी, छोट्या कपाटाएवढी घरघंटी होती, पुण्याहून कंटेनरमधून आलेली. इथे दुकानात मिळणारं ज्वारीचं पीठ कधी दळलंय ते त्या पिठालाच ठाऊक. भाकरी थापायला घेतली की तिचे नकाशे होतात. नाशिकला मेघनाच्या हातची भाकरी शेजारीपाजारी मागून न्यायचे, आणि इथे आल्यापासून तिची एकही भाकरी फुगलेली नाही. आम्ही सगळे तिला "चालतंय गं" म्हणायचो, पण तिला ते चालत नव्हतं; ती तव्यासमोर गप्प व्हायची आणि मला वाईट वाटायचं. येताना सायकलवरून ती एवढंच म्हणाली होती, "सोफा नको, टीव्ही नको. नितीन, मला फक्त घरघंटी हवी."

"समज, मिळाली," मी म्हणालो.

मग दुबळा संघ कोण ते ठरवायची वेळ आली, आणि मराठी माणूस गरिबी सांगण्यात किती तरबेज असतो ते मला कळलं.

"आमच्याकडे साधी धड किसणी नाही," वैशालीने सुरुवात केली.

"माझ्याकडे एकच पॅन आहे," तेजस म्हणाला, "आणि तोही घरमालकाचा."

याच्यापुढे काय बोलणार? पण मेघना शांतपणे म्हणाली, "भांडी आहेत माझ्याकडे. पण संघात हा आहे." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

कुणी चर्चासुद्धा केली नाही. पहिला नंबर आम्हाला, दुसरा तेजसला, तिसरा शिरीष-वैशालीला. एकमताने!

त्यानंतर तपासणी. वैशाली इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरभोवती घुटमळत होती. तेजस मोबाइलच्या उजेडात घरघंटीच्या मागे काहीतरी वाचत होता. (मला वाटलं, बिचारा चालू-बंदचं बटण शोधतोय.) मी मेघनाच्या कानात सांगितलं, "घरघंटीकडे बघूसुद्धा नकोस. आपल्याला काय हवंय ते दाखवायचं नसतं." मेघना मान हलवून केतकीला चहाला मदत करायला आत गेली. तिने तेव्हा आत जायला नको होतं.

कारण शिरीष माझ्याजवळ सरकला. "नित्या, तुमच्या त्या ड्राफ्टमध्ये नंबरांची अदलाबदल चालते का रे?"

चालते का! अहो, तोच तर त्यातला खरा खेळ! पहिला नंबर देऊन खालचे दोन-तीन नंबर घ्यायचे, पुढच्या वर्षीचीही निवड आजच पदरात पाडून घ्यायची. ब्रायन यावर बोलताना त्याचं चीज पावातून खाली पडलं होतं.

"मग ऐक," शिरीष म्हणाला. "तुझा पहिला नंबर मला. त्या बदल्यात माझा तिसरा घे, माझी दुसऱ्या फेरीतली निवडही घे. शिवाय आम्ही भारतात परत जाऊ तेव्हा आमच्या घरातली पहिली निवड तुझी!"

मी डोकं चालवलं. शिरीष ग्राइंडर घेणार, वैशालीने त्याला जवळजवळ मिठीच मारली होती. तेजस गादी नाहीतर सायकल घेणार. एकट्या पोराला दळण कशाला लागतंय? म्हणजे घरघंटी आपोआप तिसऱ्या नंबरावर माझ्याकडे येणार, आणि बाकीचं सगळं वर फुकट. मी हात मिळवला. (शिरीष आणि वैशालीने डच पासपोर्ट घेतलाय आणि त्यांच्या घराचं कर्ज निवृत्तीपर्यंत चालणार आहे, हे मला दुसऱ्या दिवशी दात घासताना आठवलं.)

चहाचा ट्रे घेऊन मेघना बाहेर आली तेव्हा ईशा पुकारत होती, "फर्स्ट पिक, टीम शिरीषकाका!"

"टीम शिरीष?" मेघना थबकली. "पहिला नंबर आपला होता ना?"

"स्ट्रॅटेजी," मी पुटपुटलो. "तू फक्त बघ."

"ग्राइंडर," शिरीष म्हणाला. मी मेघनाकडे विजयी नजरेने पाहिलं.

"सेकंड पिक, टीम तेजस!"

तेजसने चहाचा कप उचलला आणि अगदी सहज म्हणाला, "घरघंटी."

मी ताडकन त्याच्याकडे वळलो. "अरे, तुला दळायचंय काय?"

"दळायचं नाही हो काका. एक हॉर्सपॉवरची मोटर आहे आत. माझ्या प्रयोगाला अगदी फिट. डिपार्टमेंटकडे मागितली तर परवानग्यांतच माझी पीएचडी संपेल."

"आणि बाकीची घरघंटी?" मेघनाने विचारलं.

"ती काढून टाकेन, ताई."

मेघना ट्रेसकट खाली बसली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिकडे ईशा, "पापा, टेन सेकंड्स!" म्हणून ओरडत होती, आणि तेजस आमच्या आधी पुढची वस्तू उचलायला टपलेलाच होता. माझं डोकं बंद पडलं, समोर जे दिसलं त्याचं नाव घेतलं.

"पंखा!"

हॉलंडमध्ये! जिथे जुलैतही आम्ही स्वेटर जवळ ठेवतो, तिथे मी पहिल्या फेरीत पंखा घेतला! शिरीषची दुसरी निवडही माझ्याकडेच होती, तिच्यावर मी पडद्यांच्या दांड्या मिळवल्या. केतकीला माझी दया आली असावी, कारण तिने मला दोन बिस्किटं जास्त दिली.

एवढ्यात मेघना उठली. "तेजस, यात नुसत्या नंबरांचीच अदलाबदल होते की खेळाडूंचीही?"

"नंबरांचीच," मी घाईने म्हणालो.

"खेळाडूंचीही होते," तेजसने मोबाइल वर धरला. "आत्ताच वाचलं मी."

"पुढच्या शनिवारी तू खोली बदलतोयस ना? वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय म्हणालास."

"हो ना, ताई. मित्र सगळे सुट्टीला गेलेत. आणि जिना असा उभा आहे की नाक पायरीला लागतं."

"मग घरघंटी मला दे," मेघना म्हणाली, "आणि हा घे."

तेजसने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"काकांच्या पाठीचं काही दुखणं वगैरे?"

"आहे थोडंसं," मी म्हणालो.

"काही नाहीये," मेघना म्हणाली.

"एकदा ही घरघंटी उचलून दाखवाल का, काका?"

आणि सगळ्यांच्या देखत माझी तपासणी झाली. मी वाकलो, श्वास रोखला, घरघंटीचा एक कोपरा जमिनीपासून सुटला. वैशालीने माझ्या पंज्याकडेही निरखून पाहिलं. तेजस पुन्हा मेघनाकडे वळला.

"ताई, राग मानू नका, पण नुसते काका परवडत नाहीत. वर काहीतरी द्यावं लागेल."

"थालीपिठाची भाजणी. डबा भरून."

"डील!" तेजस म्हणाला.

"पापा, यू गॉट ट्रेडेड!" ईशाला आनंद आवरेना.

आठवड्याच्या मधेच घरघंटी आमच्याकडे आली. पहिलं दळण इतकं दणक्यात सुरू झालं की शेजारच्या डच आजी विचारायला आल्या, भिंत पाडताय का? त्यांना आत बोलावलं. मेघनाने ज्वारीची भाकरी थापली, तव्यावर टाकली, विस्तवावर धरली, आणि ती टम्म फुगली! मेघना हसतही होती आणि पदर नाही म्हणून टी-शर्टच्या बाहीने डोळेही पुसत होती. मला इतकं बरं वाटलं की वॉशिंग मशीनचाही क्षणभर विसर पडला.

शनिवारी एनस्खेडेचा तो जिना मी चढलो. सोमवारी ऑफिसात मला सरळ उभं राहता येईना, तेव्हा ब्रायनला सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, त्यांच्याकडे अगदी शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या खेळाडूलासुद्धा कुठलातरी संघ आपण होऊन घेतो, वर काही मागत नाही. मला घेणाऱ्याला मात्र वर डबाभर भाजणी द्यावी लागली, आणि ती भाजणीही शुक्रवारी मीच दळली होती.