चित्रात नसलेला सेस

ग्लेनिस हॉकिंगला एका जागी बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण कॉम्प्युटरपुढं दहा मिनिटं झाली की उठलीच. कधी पंखा फिरव, कधी चहा टाक, कधी मागच्या शेडमध्ये जाऊन भाऊ क्लाइव्ह पत्रा कापतोय की झोपा काढतोय ते बघ. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावात शिशाच्या भट्टीची चिमणी सोडली, तर नजर वर केल्यावर जे काही दिसतं त्यातलं निम्मं या बहीणभावांनी चढवलेलं आहे. धंदा दुकानांच्या बोर्डांचा: डिझाईन आणि कोटेशन ग्लेनिसचं, शिडी आणि ड्रिल क्लाइव्हचं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, एक बोर्ड हवाय. त्यापुढं त्याला काडीचं काही ठाऊक नसतं. मग ग्लेनिस रस्त्यापलीकडं उभी राहून त्याच्या दुकानाचा फोटो काढते, मापं घेते आणि त्या फोटोवर नवा बोर्ड असा चढवते, की तो कालच लागलाय असं वाटावं. दिवे लागलेले, अक्षरांची सावलीसुद्धा बरोबर पडलेली. सोबत कोटेशन. अक्षरांचे इतके, पत्र्याचे इतके, वायरिंगचे इतके, चढवायचे इतके. आणि सगळ्यात खाली ठळक ओळ: काम झाल्यावर दुकान या चित्रात दिसतं तसंच दिसेल. एकदा एका मासळीवाल्याने निळ्या रंगावरून दोन महिने डोकं खाल्लं होतं, तेव्हापासून ही ओळ. तिचा तिला भारी अभिमान. बाकीचे बोर्डवाले असं लिहून देत नाहीत, मी देते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

आता फोटो म्हटला की त्यात नको ते येतंच. कचऱ्याचा डबा, विजेच्या तारा, कुणीतरी आडवी लावलेली गाडी. ग्लेनिस ते सगळं पुसून टाकायची. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, तसंच हे. त्यात काही पाप आहे असं तिला कधी वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर वाटायचं कारणही नव्हतं.

फेब्रुवारीत मुख्य रस्त्यावरची जुनी बेकरी अँथिया कूरोस नावाच्या बाईने घेतली. ॲडलेडहून आलेली, पदरात दोन लहान मुलं, डोक्यावर बँकेचं कर्ज, पण उरक दांडगा. बेकरीच्या पडवीत भिंतीला ठोकलेला एक लाकडी बाक होता आणि त्या बाकावर सेस रोवेट.

सेस त्र्याऐंशीचा. सदतीस वर्षं भट्टीत काढलेली. चार वर्षांपूर्वी बायको ऊना गेली, तेव्हापासून हा माणूस इस्त्रीचा शर्ट आणि हॅट घालून रोज सकाळी नऊला त्या बाकावर येऊन बसायचा, तो बाराला उठायचा. कुणाकडं काही मागायचा नाही. शुक्रवारी तेवढी एक पेस्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली भाजकी करंजी, विकत घ्यायचा. पण अख्खं गाव त्याच्यापुढून जायचं आणि थांबायचं. कुणाची लेक माहेरी परत आली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं त्याला आधी कळायचं. ग्लेनिस तरातरा निघाली की तो हमखास विचारायचा, कुणाचं घर पेटलंय गं? आणि तीसुद्धा, घाईत असूनही, पाच मिनिटं उभी राहायची.

ग्लेनिसने बेकरीचा फोटो काढला तेव्हा सेस पाय पसरून बसलेला होता. काचेवर जिथं ‘रोज ताजा पाव’ अशी अक्षरं यायची होती, नेमकं तिथंच त्याचं डोकं. तिने डबा पुसला, तारा पुसल्या, सेसला पुसलं. नुसता बाक विचित्र दिसायला लागला म्हणून बाकही पुसला.

अँथियाने चित्र पाहिलं आणि जागच्या जागी सही ठोकली. वर म्हणाली, बाक काढलास ते फार बरं झालं, दार केवढं मोकळं दिसतंय. ग्लेनिस हसली. अगं, ते नुसतं चित्रात, असं सांगायला लागली. अँथियाने कागदाच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे तूच लिहिलंयस ना?” ती म्हणाली. “मला त्या म्हाताऱ्याचं वावडं नाही, ग्लेनिस. पण मला तिथं दोन टेबलं मांडायचीत. टेबलं नाही लागली तर हप्ते कुठून भरू? मी सही केली ती या चित्रावर.”

ग्लेनिसने ती ओळ पुन्हा वाचली. काय बोलणार? ओळ तिचीच, चित्र तिचंच. ते बघेपर्यंत त्या बाईच्या मनात बाक काढायचं आलंसुद्धा नव्हतं. आपणच आपल्या हाताने दाखवलं की सेस नसला तर किती छान दिसतं.

पुढचे तीन आठवडे तिचे असेच गेले. रात्री कूस बदल, दिवसा येरझाऱ्या घाल. तिने दुसरं चित्र केलं, फुकट, त्यात बाकही होता आणि सेसही. अक्षरं वर सरकवली, छान जमवली. अँथियाने ते नीट पाहिलं, चांगलं आहे म्हणाली, पण मला पहिलंच हवंय. कॉफी घेतली तर टेबलावर बसू दे की त्याला, माझी कुठं ना आहे, असंही म्हणाली. पण सेस रोज कॉफी विकत घेऊन परक्यासारखा टेबलावर बसेल? नाही बसायचा, हे ग्लेनिसला पुरतं ठाऊक होतं. क्लाइव्हला विचारलं तर तो म्हणाला, चार बोल्ट आहेत, काढ म्हणशील तर काढतो, नको म्हणशील तर नाही, पण उगाच माझं डोकं पिकवू नकोस.

काम सोडून द्यावं असंही मनात येऊन गेलं. पण पत्रा कापून झालेला, अक्षरं तयार, आणि वर्षाकाठी एवढं मोठं काम एखादंच मिळतं. शिवाय आपण सोडलं तर दुसरा कुणी बाक काढेलच. असं सगळं ती स्वतःला समजावत राहिली. सेसला मात्र एका शब्दाने सांगितलं नाही. उलट मुख्य रस्ता टाळून मागच्या गल्लीने जायला लागली. भ्याली होती, दुसरं काय.

बोर्ड चढवायचा दिवस उजाडला. क्लाइव्हने शिडी लावली. सेस नऊला हजर, शिडीपासून जरा सरकून बसला आणि क्लाइव्हला, पडू नकोस रे, तुला उचलायला मी एकटाच आहे, असं बजावून झालं. आता मात्र ग्लेनिसला पळायला जागा उरली नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि सगळं सांगून टाकलं. फोटो, पुसणं, ती ओळ, सही.

सेसने खिशातून चष्मा काढला. मग म्हणाला, “चित्र आणलंयस?”

तिने दाखवलं. त्याने चष्मा लावून ते निरखलं.

“बेस केलंयस,” तो म्हणाला. “दुकान एकदम नवं दिसतंय.” आणि थोड्या वेळाने, “मला पुसायला किती वेळ लागला?”

ग्लेनिस प्रत्येक कामाची मिनिटं लिहून ठेवायची, त्यामुळं तिला आठवत नाही म्हणायची सोय नव्हती. “चार मिनिटं,” ती म्हणाली. “सेस, माझं चुकलं.”

“मला सांगितलं असतंस तर मी फोटोपुरता उठलो असतो गं,” सेस म्हणाला.

मग तो उठला. हॅट सारखी केली, क्लाइव्हचा खोळंबा नको म्हणाला आणि चालता झाला. अजून साडेनऊही वाजले नव्हते. क्लाइव्हने बोल्ट काढले. दुपारपर्यंत बोर्ड लागला, टेबलं मांडली गेली आणि बेकरी हुबेहूब चित्रासारखी दिसायला लागली. अँथियाने ग्लेनिसला मिठी मारली. ग्लेनिसला ती मिठी सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला ती सेसच्या घरी गेली. गावाच्या टोकाला, खाऱ्या दलदलीकडची गल्ली. पुढं घरच नाही, त्यामुळं तिकडं कुणी फिरकत नाही. सेस व्हरांड्यात स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, डोक्यावर हॅट.

“कुठं निघालायस?” तिने विचारलं.

“कुठं नाही,” तो म्हणाला. “नऊ वाजले ना.”

तो आतून दुसरी खुर्ची घेऊन आला. ग्लेनिस बसली. तिने एकदाही उठायचं नाव काढलं नाही. बारा वाजेपर्यंत त्या गल्लीतून दोन गाड्या गेल्या आणि एक कुत्रं. सेसने तिघांनाही हात केला.