नांदेड, उदगीर, लातूर : एका चेंडूच्या भिंगरीमागे

शनिवारी शेवटच्या तासानंतर वर्गातले डस्टर झटकायचं काम महादेवीकडे आणि माझ्याकडे असायचं. नांदेडच्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेमागे एक लांब भिंत होती. तिच्यावर डस्टर आपटले की पांढरा ढग उठायचा, आणि त्या ढगात आम्ही दोघी म्हाताऱ्या होऊन जायचो. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. मग तसंच पळत मैदानावर, सॉफ्टबॉल खेळायला. चेंडू हातातून सुळकन निसटून भलतीकडेच जायचा. व्हरांड्यातून सिस्टर ओरडायच्या, "गर्ल्स! आधी हात धुवा, मग बॉल!" आम्ही हात स्कर्टला पुसायचो आणि हसत सुटायचो. एवढंच. लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी तेच राहिलं आहे.

महादेवी लग्न होऊन उदगीरला गेली, मी छत्रपती संभाजीनगरला. फोन मात्र चालू राहिले. या जानेवारीत तिचा फोन आला तो भर दुपारी.

"ए कुमे, झोपलीस का?"

"दुपारी कोण झोपतं?"

"तू. शाळेतबी झोपायचीस. ऐक, शांभवी चेंडू सोडून राहिली."

शांभवी ही तिची नात, तिला अव्वा म्हणणारी. कॉलेजात शिकते, बेसबॉल खेळते आणि पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारी. सरावात तिला कोणी हात लावू शकत नाही, पण सामन्याच्या दिवशी पोरी तिला सहज टोलवतात. रविवारी लातूरला विभागाच्या संघाची निवड होती. तिथेही तसंच झालं तर हातमोजा माळ्यावर टाकणार, असं तिने घरात सांगून टाकलं होतं.

"माझं ऐकत न्हाई. तू ये," महादेवी म्हणाली. मी बॅग भरली.

नांदेडला जायला दिवसाची गाडी घ्या आणि खिडकी मागून घ्या. जालना, परभणी, पूर्णा अशी ती रमतगमत जाते. थंडीत दोन्ही बाजूंना हरभरा आणि ज्वारी असते, आणि उन्हात एक मऊपणा असतो, त्यामुळे डोळे मिटले तरी रान दिसत राहतं. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ लॉजं आहेत. खोली घेण्याआधी गरम पाणी कधी येतं ते तेवढं विचारून घ्या.

सामान टाकून मी शाळेत गेले. वॉचमनने आत सोडलं आणि माझ्या मागोमाग आला. मागची भिंत अजून आहे, आता तिला पिवळा रंग दिलाय. मी नुसता हात लावून उभी राहिले.

"काय बघून राहिल्या बाई? भिंतच हाय ती."

"हो, भिंतच आहे."

"मग बघा निवांत," तो म्हणाला, आणि स्वतःही जरा वेळ भिंतीकडे बघत उभा राहिला.

संध्याकाळी रिक्षा करून विष्णुपुरीला गेले. धरणाच्या मागे गोदावरी इतकी रुंद, इतकी स्थिर होती की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा, अंधार पडल्यावर तिथे सहज मिळत नाही. मला हे परत येताना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चुरमुरे भिजवून पोह्यांसारखी फोडणी देतात, वर दाण्याचं कूट. मग कंधार, जांब करत उदगीरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरने माझ्या केसांकडे पाहिलं.

"पंच्याहत्तर झाले का? मग फुकट हाय."

"अजून नाही हो!"

"मग अर्धंच घ्या. घाई कशाला करायची?"

अख्खी बस हसली, मीही हसले. रस्ता काही ठिकाणी नवा आणि गुळगुळीत आहे, काही ठिकाणी हाडं मोजून घेणारा. कंबरेसाठी एक उशी असू द्या.

महादेवीचं घर दुकानावरच आहे. खाली किराणा आणि पूजेचं सामान, वर माणसं. जिन्यातच कापूर, हळद आणि गुळाचा वास येतो. तिने मला मिठी मारली आणि लगेच दूर धरून म्हणाली, "लई वाळलीस गं. बैस, हुग्गी केलीय." गव्हाची ती गरम खीर मी वाटी पुसून खाल्ली.

दुपारनंतर शांभवी मला कॉलेजच्या मैदानावर घेऊन गेली. उंच, शांत पोर. आमचा सॉफ्टबॉल हात खालून फिरवून टाकायचा, हिचा चेंडू खांद्यावरून येतो. तिच्या कोचसरांनी मला खुर्ची दिली आणि एक चेंडू हातात ठेवला. त्यावर मार्करने गोल रेघ ओढलेली होती.

"नुसत्या वेगानं काय होत नाही, मॅडम," ते म्हणाले. "वेगाची सवय बॅटरला होतेच. खरी गंमत भिंगरीत हाय. चेंडू सुटताना शेवटी या दोन बोटांची टोकं शिवणीवर ओढ देतात. मग चेंडू पळतो पुढं, पण स्वतःभोवती फिरतो उलटा. त्या फिरण्यानं हवा त्याला खालून धरून ठेवते."

"म्हणजे तो वर जातो?"

"वर न्हाई जात. खाली पडायचा तेवढा पडत न्हाई. बॅटरच्या डोळ्यानं हिशेब केलेला असतो, चेंडू इथं येणार. तो येतो त्याच्या जरा वर. बॅट खालून जाते."

शांभवीने फेकला. सरांनी मोबाइलवर तो हळू करून दाखवला. रेघ अंगठीसारखी स्थिर, जणू चेंडू फिरतच नव्हता, तरंगत होता. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग सरांनी मागच्या सामन्यातला चेंडू दाखवला. तोच हात, तोच वेग, पण रेघ डुचमळत होती, झोप आलेल्या माणसाच्या मानेसारखी.

"भिंगरी गेली की चेंडू बॅटरच्या हिशेबात येऊन पडतो," सर म्हणाले. "टेन्शन घेते ती."

शांभवी चेंडू नुसता बोटांत फिरवत राहिली.

रविवारी सकाळी निघण्याआधी महादेवीने देवघरातून विभूतीची डबी आणली. या घरात कुणी कामाला निघालं की कपाळाला भस्माची तीन बोटं लागतातच. तिने नातीच्या कपाळाला लावलं, मग तिचा उजवा हात हातात घेतला आणि दोन बोटांची टोकं भस्मात दाबून दाबून भरली. "ज्या बोटांनी फेकायचं, त्याच बोटांना," ती मला कौतुकाने म्हणाली. "पहिल्या सामन्यापासून एकदाबी चुकवलं न्हाई." शांभवी दुकानाच्या पायरीकडे बघत होती. डबी पदरात बांधून महादेवीही आमच्याबरोबर जीपमध्ये बसली.

नळेगावच्या आधी चहाला थांबलो. लातूरच्या मैदानावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. प्रत्येक पिचरला दोनदा संधी होती. शांभवीची पहिली खेप मला बघवत नव्हती, तरी बघितली. चेंडू जात होते वेगात, पण बॅटला येऊन अगदी सरळ भेटत होते. ठण. ठण. सरांनी मोबाइल खिशात घातला.

ती पाणी प्यायला पायऱ्यांकडे आली. महादेवीने लगेच डबी उघडली. मी शांभवीचा हात आधी धरला, नुसती माया म्हणून. बोटं मऊ होती, गुळगुळीत. माझ्या तळव्यावर पांढरं उमटलं.

मला भिंत आठवली.

मी तिला नळाजवळ नेलं. "चेंडू निसटतो ना गं?"

तिने मान हलवली. डोळे भरले होते. "राळेची पुरचुंडी सगळ्याजणींजवळ असते आजी, बोटं चिकट ऱ्हावी म्हणून. पण भस्मावर राळ बसत न्हाई. मला कळायचं. पण अव्वाचा हात कसा झटकू? तिच्यापेक्षा चेंडू सोडलेला बरा."

मी महादेवीशेजारी येऊन बसले. 

"म्हादे, सिस्टर आपल्याला काय ओरडायच्या गं?"

"लई काय काय ओरडायच्या. कोणतं सांगू?"

"डस्टर झटकल्यावर."

"हात धुवा, मग..." ती थांबली. तिने हातातल्या डबीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. 

"म्हंजे देवाच्या भस्मानं माझ्या पोरीचं वाईट झालं म्हणतीस?"

"भस्मानं नाही गं. जागा चुकली."

मला वाटलं ती उठून जीपमध्ये जाऊन बसेल. पण तिने हाक मारली, "शांभवे, हिकडं ये!" बाटलीतलं पाणी ओतून नातीची बोटं एकेक करून धुतली, तान्ह्या मुलाची धुवावी तशी, आणि पदराने कोरडी केली. मग तिची बाही वर सारून दंडावर तीन पट्टे ओढले.

"जोर इथून येतो की न्हाई? मग शिव इथंच बसंल. आधी बोलली का न्हाईस गं? तोंड दिलंय ना देवानं?"

"तुझं मन..."

"माझं मन लई दणकट हाय. जा आता, बिगीबिगी."

दुसऱ्या खेपेला ठण असा आवाज जवळजवळ आलाच नाही. आवाज आला तो कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा, भरल्या पोत्यावर थाप मारावी तसा. बॅटा खालून जात होत्या. मला उगीच वाटत राहिलं की त्या उन्हात चेंडू जरा रेंगाळून, मग पुढे जातोय.

दुपारी नावं वाचली. शांभवीचं नाव शेवटी आलं, राखीव खेळाडूंत.

"राखीव म्हंजे?" महादेवी फणकारली. "पोरींच्या बॅगा उचलायला?"

"म्हंजे जायचं, अव्वा," शांभवी म्हणाली. हातमोजा तिने छातीशी धरला होता.

मग आम्ही निलंगा राईस खाल्ला, गाड्यावरचा, मसालेदार, हिशेबाने अगदी स्वस्त. लातूरला गेलात तर तो खाल्ल्याशिवाय परतू नका. महादेवीने दोनदा मागून घेतला.

घरी येऊन आठवडा झाला. डोळे मिटले की ती रेघ दिसते, फिरत असून स्थिर. आम्हा दोघींमध्येही इतक्या वर्षांत असंच काहीतरी राहिलं असावं.

बॅग अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. मुक्ता, लेकी, बॅग तूच रिकामी करशील आणि माझा ब्लॉग वाचतेसच, तर हे तुझ्यासाठी. उदगीरची शेंगांची चटणी शेजारच्या काकूंना दे, तिखट आहे हे आधी सांग. दुकानातल्या राळेची पुडी, जास्तीची आणलीय, ती आणि कोचसरांनी निघताना दिलेला रेघेचा चेंडू पोस्टाने नांदेडला माझ्या शाळेत पाठव, खेळाच्या बाईंच्या नावे. कपाटातला माझा जुना हातमोजा शांभवीला. महादेवीने निघताना विभूतीचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला, तो मात्र माझ्याजवळ राहू दे. माझ्यानंतर तोही शांभवीलाच द्यायचा. दंडासाठी.