डाव्या हाताची गाठ

साडी हातात आली की माझी मावशी ती आधी उलटी करते. गिऱ्हाईक पदरावर हुरळून आरशासमोर मान वाकडी करून उभं असतं आणि ही खाली बसून साडीची पाठ न्याहाळत असते. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, मला सुलटी नेसायचीय!" मावशी म्हणाली, "नेसा की. समोरून सगळ्याच गोड बोलतात. मला जरा पाठ बघू द्या."

गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून दुकानात तिचं नाव भिंग. तोंडावर मावशी, मागे भिंग. तिला दोन्ही ठाऊक होतं.

ती डावरी. शाळेत पट्टीने मारून हात सुजवला, घरी आजोबांनी डावा हात दोरीने खुर्चीला बांधून ठेवला आणि उजव्या हातात पेन्सिल दिली. हिने पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, हे सांगताना अजून कपाळावर हात मारते. "काय गं मिळवलंस?" असं विचारलं की मावशी डावा हात वर करून दाखवते. झालं उत्तर.

सोळाव्या वर्षी ती साड्यांच्या दुकानात घड्या घालायला लागली. मालक तेव्हा थोरले शेठ. हातमागाची रेशमी साडी आणि यंत्रमागाची, दोन्ही शेजारी ठेवल्या तर भलेभले फसतात. ही फसायची नाही. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही काठांना टाचण्या लावतात, त्यांची बारीक भोकं राहतात. ती भिंगाखाली दिसतात. शिवाय विणीत कुठेतरी माणूस दमलेला दिसतो, एखादी ओळ किंचित सैल पडलेली असते. सुटा धागा मिळाला तर तो पेटवून वास घ्यायची, कारण खरं रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. साडी पसंत पडली की तिच्या आतल्या टोकाला पांढऱ्या रेशमाची एवढीशी गाठ बांधायची. अर्थातच डाव्या हाताने. "भिंगाची गाठ आहे ना?" असं विचारत परगावाहून बायका यायच्या आणि गाठ दिसली की पुढचं काही विचारायच्या नाहीत. तीस वर्षं तिने ती गाठ सांभाळली. स्वतःचं असं तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. ना संसार, ना घर. आमच्या घरातली पुढची खोली, एक ट्रंक आणि ती गाठ.

थोरले शेठ गेले, धाकटे शेठ आले. काचेची दारं आली, छतात दिवे आले. मावशीच्या शब्दावर मीही आले, बिलाच्या टेबलावर.

आता ती जांभळी साडी.

एका शनिवारी सकाळी एक विणकर बाई साडी घेऊन आली. पन्नाशीची, जाड चष्मा, पायात झिजलेल्या चपला. नदीपलीकडच्या वस्तीतून चालत आली होती. तिची साडी घेणारा दलाल वारला होता, म्हणून आता दुकान शोधत होती. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं, चार पोरी घड्या घालतायत, धाकटे शेठ आरशाजवळ. बाईने साडी बैठकीवर ठेवली. साधी जांभळी, बारीक जरीचा काठ, अंगभर एकही बुट्टी नाही. पण काय रंग, काय पोत! हात लावला तर उचलवेना.

मावशीने ती उलटी केली. काठावर बोट फिरवलं, भिंग लावलं. पुन्हा फिरवलं. भोकं नाहीत. विणीत एक ओळ सैल नाही, एक घट्ट नाही, जणू पट्टी लावून आखलेली.

"यंत्रमागाची," मावशी म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा. सगळ्या दुकानाने ऐकलं.

दुसरी कुणी असती तर रडली असती, पाया पडली असती. ही बाई म्हणाली, "भिंग पुसा जरा."

घड्या घालणाऱ्या पोरींचे हात थांबले. मावशीला असं बोलायची कुणाची छाती नव्हती.

"तीस वर्षं बघतेय मी साड्या," मावशी म्हणाली.

"आणि मी चौतीस वर्षं विणतेय. टाचण्या लावत नाही मी. काठ दुखावतो."

"टाचण्यांशिवाय हातमाग? मला शिकवू नका."

"शिकवायला नाही, साडी विकायला आले होते. आता विकायचीही नाही." बाईने चपला पायात सरकवल्या. "ही इथेच ठेवते. बघा आठ दिवस. यंत्र सापडलं तर जाळून टाका. नाही सापडलं तर या माझ्या मागावर." पत्ता सांगून ती गेली. साडी तशीच बैठकीवर.

दिवसभर मावशीचं तेच. साडी काढायची, बघायची, घडी करून कपाटात ठेवायची, पुन्हा काढायची. चारला डोकं धरून घरी गेली, रविवारीही दुकानात आली नाही. तिचं डोकं कधी दुखत नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. सकाळी मावशी म्हणाली, "चल गं माझ्याबरोबर." कुठे ते विचारायची गरज नव्हती.

बाईची खोली लहानशी, निम्म्या खोलीत माग. आम्हाला बघून ती उठली नाही. पाय चालू, हात चालू, आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे. मागावर तोच जांभळा रंग. एका लांब ताण्यावर, म्हणजे मागावर चढवलेल्या उभ्या धाग्यांवर, तीन साड्या निघतात. पहिली आमच्या दुकानात होती आणि दुसरी हात-दीड हात विणून झाली होती. दोन्ही काठांना टाचण्या नव्हत्या. लाकडाचे चपटे चिमटे होते, आतून मऊ चिंधी गुंडाळलेले. चार बोटं विणून झाली की बाई ते पुढे सरकवायची. तिच्या वहिनीच्या लग्नाच्या साडीचा काठ टाचणीने फाटला तेव्हा तिने ते स्वतः तासून घेतले होते.

मावशी वाकली. भिंग लावलं. बाई विणत होती आणि मावशी धोट्याबरोबर मान हलवत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती मटकन जमिनीवर बसली.

"चुकले मी," मावशी म्हणाली.

मी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडून ऐकला. मला वाटलं, झालं, मिटलं. बाईने धोटा थांबवला.

"इथे कुणाला सांगताय? मला तर माहीतच होतं. जिथे यंत्राची म्हणालात, तिथे म्हणा. तेवढ्याच मोठ्याने."

मावशी लगेच म्हणाली, "उद्या अकराला दुकानात या."

परतताना पुलावर मावशी ताडताड पुढे आणि मी मागे. आता माझं सांगते, लपवून काय करू? ती जांभळी साडी कपाटात नव्हती. शनिवारी मावशी घरी गेल्यावर धाकट्या शेठनी ती काढून माझ्या टेबलावर टाकली होती. "फर्स्टक्लास माल आहे. गाठ मार आणि वरच्या फळीवर लाव. बाईला नंतर यंत्राचा भाव देऊ." आणि मी मारली होती गाठ.

पहिलीच नव्हती ती. सहा महिने मारत होते. मावशीचे डोळे दमलेत, तिचं काम हलकं कर, असं शेठ आधी म्हणाले होते. मग ज्या साड्या मावशीसमोर कधी आल्याच नाहीत, त्या माझ्या टेबलावर येऊ लागल्या. यंत्राच्या होत्या हे मला कळत होतं. मला काय वेड लागलं होतं? नोकरी जाईल अशी भीती होती. आणि खोटं कशाला बोलू, भिंगाची गाठ आपल्या हाताने बांधताना थोडं भारीही वाटायचं. लहानपणी तिच्या मांडीवर बसून तीच गाठ हजारदा बघितली होती. हुबेहूब जमते असं वाटत होतं. उद्या जांभळ्या साडीवर गाठ बघून मावशी काय करेल? तरी पुलावर मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही पोचलो. विणकर बाई दारात उभी होती. आत एक उंच बाई आरशासमोर, खांद्यावर तीच जांभळी साडी. शेठ साडीचं टोक दोन बोटांत धरून सांगत होते, "ही बघा गाठ. आमच्या मावशींच्या हातची. डोळे मिटून घ्या."

मावशी चपलेसकट बैठकीवर चढली. असं ती कधी करत नाही.

"ऐका सगळे. शनिवारी या बाईंची साडी मी यंत्राची म्हणाले. साफ चुकले. ही हातमागाची आहे आणि इतकी चोख वीण मी तीस वर्षांत बघितली नाही. चोख म्हणून यंत्राची म्हणाले, हा माझा माज."

दारातल्या बाईने चष्मा काढून पदराने पुसला. एवढंच.

शेठ हसले. "बघा, मावशीच सांगतायत. मग गाठ बरोबरच आहे."

"गाठ?" मावशीने साडीचं टोक हातात घेतलं. भिंगही लावलं नाही. "ही माझी नाही. माझ्या गाठीची शेपटी डावीकडे पडते, ही उजवीकडे पडलीय. उजव्या हाताची गाठ आहे ही."

गाठीला डावं-उजवं असतं हे मला माहीतच नव्हतं! हजारदा बघून मी काय बघितलं होतं? मावशी वरच्या फळीकडे गेली. एकेक साडी ओढून टोक बघत सुटली. उजवी, उजवी, डावी, उजवी. बैठकीवर ढीग पडला.

शेठ जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मावशी, घरचं घरात ठेवा. साडी चांगली निघाली ना? मग कुणी का बांधेना."

"अरे, याच बैठकीवर दुपारी झोपायचास तू," मावशी जोरात म्हणाली. "घड्यांत लोळायचास म्हणून तुझे वडील तुला ओरडले तर मी मध्ये पडायचे. माझ्या नावाने लोकांना फसवायला मोठा झालास होय?"

शेठचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कुणी बांधल्यात म्हणे? पुरावा काय? तुम्हीच बांधल्या असतील आणि विसरला असाल. वय झालं तुमचं."

दुकान मावशीकडे बघत होतं. सगळ्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता, मावशी एकदा चुकली तर पुन्हा चुकली नसेल कशावरून? तीस वर्षांचा शब्द त्या एका वाक्यात मातीत जात होता. मावशीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. दुकानात तिची गाठ इतक्या जवळून दुसऱ्या कुणी बघितली होती? पण ती माझं नाव घेईना. मेली असती तरी घेतलं नसतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

मी उठले. "मी बांधल्यात. एकूण एक. शेठनी सांगितलं म्हणून, आणि मी घाबरट म्हणून. यंत्राच्या आहेत सगळ्या, ही जांभळी सोडून."

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. उंच बाईंनी साडी खांद्यावरून अलगद उतरवली.

"कात्री आण," मावशी मला म्हणाली. मी आणली. तिने साडीचं टोक धरायचं, मी माझी गाठ कापायची. एकोणीस गाठी कापल्या. सगळ्यांसमोर.

"दोघीही उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले.

"उद्याचं उद्या. आजचे सात वाजेपर्यंत मी कामावर आहे," मावशी म्हणाली आणि मांडी घालून बसली. जांभळी साडी मांडीवर घेतली, डाव्या हाताने पांढरी गाठ बांधली, नीट घडी केली आणि विणकर बाईच्या हातात दिली. उंच बाईंनी विचारलं, "मग ही मला मिळणार नाही का?" मावशी म्हणाली, "जिची आहे तिला विचारा. दारातच उभी आहे." दोघी बाहेर पायरीवर बोलत बसल्या. मावशी खरंच सातपर्यंत बसली. जे गिऱ्हाईक आलं त्याला साडी उलटी करून दाखवली आणि कुठली हाताची, कुठली यंत्राची ते ठणकावून सांगितलं. तिला उठवायची शेठची हिंमत झाली नाही.

आता आमच्या पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरलेली असते. बायका आपापल्या साड्या घेऊन येतात. विणकर बाई दर महिन्याला येते, दोघी तासभर भांडतात आणि चहा पितात. चादरीच्या कडेला मी बसते. साड्या धरते, उलट्या करते, घड्या घालते. गाठ बांधायची मला परवानगी नाही. रोज सकाळी मावशी चिंधीचा तुकडा आणि पांढरा धागा माझ्यापुढे टाकते. डाव्या हाताने बांधायचं. माझी बोटं एकमेकांत अडकतात, धागा निसटतो, शेपटी भलतीकडेच पडते. काल सकाळी एक गाठ अगदी डावीकडे पडली. मी श्वास रोखून तिच्यापुढे धरली. तिने भिंग लावलं, नखाने जराशी ओढली. गाठ सुटली.

"पुन्हा," मावशी म्हणाली आणि नवा धागा दिला.