तांब्याच्या पट्टीतली जोडी

"बोट लावून बघा."

आमच्या तंत्रनिकेतनात नवं सर्किट जोडून झालं की इलेक्ट्रॉनिक्सच्या बाई आधी स्वतःच ट्रान्झिस्टरवर बोटाचं टोक ठेवत आणि मीटरच्या काट्याकडे बघत. बोटाच्या उबेनं काटा हलला, तर सर्किट नापास. शेजारच्या खोलीत मी भौतिकशास्त्र शिकवायचो. मग मलाही हाक यायची.

मानवतहून एसटीनं येणाऱ्या या बाईंचा जीव लॉग सर्किटांत होता. पहाटेचा उजेड आणि मे महिन्याचं ऊन यांत किती अंतर असतं, तुम्हीही पाहिलंच असेल. दोन्ही एकाच काट्यावर मावायचं, तर सेन्सरचा संकेत आवळावा लागतो. बाई मूठ मिटून दाखवायच्या. "हे लॉग." मग सावकाश मूठ उघडायच्या. "हे अँटीलॉग. घेतलेलं जसंच्या तसं परत द्यायचं. मधे चोरी चालत न्हाई."

त्यांचं काम रांगोळीसारखं देखणं. बोट लावायची रीत पडण्याआधी तीच हौस एकदा नडली. पोखर्णीच्या वाटेवरच्या एका रोपवाटिकेसाठी त्यांनी उजेड मोजायचं यंत्र केलं. लॉग सर्किटात दोन ट्रान्झिस्टर जोडीनं राबतात. उष्णतेनं एकाची झालेली चूक दुसरा खोडतो. सुबक दिसावं म्हणून बाईंनी ते सर्किटाच्या पाटीच्या दोन टोकांना बसवले. रोपवाटिकेत यंत्राच्या डबीच्या एकाच अंगाला ऊन लागलं, एकच ट्रान्झिस्टर तापला, आणि दुपार कलली तरी काटा चढतच राहिला.

मालक हसले. "मॅडम, सूर्य खाली चाललाय अन् तुमचा काटा वर जायलाय! राहू द्या, पुण्याहून तयार यंत्र मागवतो."

"मागवू नका. हितंच होतंय," बाई म्हणाल्या. आवाज शांत, कान लाल.

परत येऊन त्यांनी ती देखणी पाटी उसवली. दोन्ही ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून तांब्याच्या पट्टीत गच्च आवळले. "तापायचं तर आता दोघं सोबत तापा."

"बाई, लय बेंगरूळ दिसायलंय," मी म्हणालो.

"दिसू द्या की."

पुन्हा रोपवाटिकेत गेलो, तेव्हा त्यांनी मालकांनाच बोट लावायला सांगितलं. काटा हलला नाही. सूर्य उतरला तसा काटाही उतरला. मालकांनी डबी बंद केली. "राहू द्या हितंच."

बाई या हिवाळ्यात गेल्या. परवा भर उन्हात मी रोपवाटिकेत गेलो. मालक म्हणाले, "पुण्याचे पाव्हणे विचारायले होते, कुठलं यंत्र म्हणून. म्हणलं, आमच्या मॅडमचं हाय."

त्यांनी डबी उघडून दिली. पट्टी चटका बसेल इतकी तापली होती. मी बोट ठेवलं. काटा जागच्या जागी होता.

बोट मात्र मला लवकर उचलवलं नाही.