धक्क्यापासून शाळा अठरा मिनिटं

जगात कुठल्याही शिक्षकाची नेमणूक कुठंही होवो, ती आपल्या टेबलावरून गेल्याशिवाय पक्की धरायची नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे आणि तो पडेगावला आमच्या समोरच्या घरात राहतो. समोरच्या काकांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पण एका सरकारी कचेरीत शिक्षकांच्या बदल्यांचं टेबल त्यांनी तीस वर्षं सांभाळलं, आणि निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर ते टेबलही घरी आलं असावं असा काकूंचा दाट संशय आहे. टेबल दिसत नाही, पण चालू आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक पडतो, मग ते लाइटबिल असो की लग्नपत्रिका. माझ्या आतेबहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेले, तेव्हा काकांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात ४१२ असा आकडा टाकला आणि "पोहोचली. जा आता," म्हणून मला मोकळं केलं. भाजी काय करायची हे तोंडी विचारलं तर त्यांच्याकडून उत्तर येत नाही. काकूंनी आठ-पंधरा दिवस वाद घालून पाहिला आणि मग त्या 'वांगी की दोडका' असं कपट्यावर लिहून चहाच्या कपाखाली ठेवू लागल्या. तो कपटा दोडक्यावर खूण होऊन, खाली सही आणि तारीख पडून स्वयंपाकघरात परत जातो.

काकांना माणसं नावानं आठवत नाहीत, गावानं आठवतात. एकदा भाजीबाजारात एका पोक्त बाईंसमोर ते थबकले आणि बोट रोखून म्हणाले, "तुम्ही वैजापूर. विनंती बदली. सासूबाईंचं आजारपण." बाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली!" काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग प्रकरण बंद करायला हरकत नाय." जिल्ह्यातलं एकूण एक खेडं त्यांना पाठ, कुठल्या शाळेला किती खोल्या, कुठल्या वाटेवर पावसाळ्यात ओढा आडवा येतो, सगळं तोंडावर. गंमत अशी की एक वैजापूर सोडलं तर यातलं एकही गाव त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांना एसटी लागते. अशी लागते की नुसता स्टँड दिसला तरी त्यांचा हात खिशातल्या लिंबाकडे जातो. वैजापूर ही सासुरवाडी असल्यामुळं तिथवर ते लिंबू हुंगत हुंगत गेलेले आहेत, तेही स्वतःच्या लग्नाला आणि मेव्हण्याच्या लग्नाला. बाकी सगळा जिल्हा त्यांनी खुर्चीत बसूनच पालथा घातला.

अशा माणसासमोर माझं प्रकरण आलं. मी शहरातल्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि जपानमधल्या सरकारी शाळांत मदतनीस शिक्षक म्हणून माझी निवड झाली. निवडीच्या पत्रात शेवटची ओळ होती: आपली शाळा आणि गाव नंतर कळवण्यात येईल. या 'नंतर'नं आमच्या घराची झोप उडवली. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. मशीनचा एक नट हातात नसेल तर ते बटण दाबत नाहीत. ते पत्र हातात घेऊन म्हणाले, "पोरीला घेतलं म्हणतात अन् गाव सांगत नाय. हे कसलं घेणं? गाव कळल्याबिगर मी तुला कुठं जाऊ देणार नाय, आत्ताच सांगतो." इकडे माझ्या शाळेला जूनच्या आत उत्तर हवं होतं: पुढच्या वर्षी आहात की नाही? राहते म्हणावं तर जपान हातचं जाणार, जाते म्हणावं आणि तिकडून काहीच आलं नाही तर दोन्हीकडून हात रिकामे. पप्पांनी एकाही नातेवाइकाला सांगितलं नव्हतं. पोरीचं हसं होईल ही भीती त्यांना माझ्या नोकरीच्या काळजीपेक्षा जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, म्हणजे कचेरी उघडायच्या वेळेला, काका वही घेऊन आमच्या ओट्यावर हजर झाले. कालपर्यंत मी त्यांच्यासाठी 'पोरी' होते. आज म्हणाले, "मॅडम, पत्र दाखवा." पत्र वाचलं, घडी घातली आणि पप्पांकडे वळून म्हणाले, "निवड झाली, पदस्थापना बाकी. नेहमीचंच आहे. घाबरायचं कारण नाय." खरं सांगते, त्या दिवसांत मला इतका धीर दुसऱ्या कुठल्याच वाक्यानं दिला नाही. जगात एक तरी माणूस असा होता ज्याला माझी अवस्था अगदी रोजच्यातली वाटत होती.

त्यानंतर काकांनी जपान ताब्यात घेतलं. शाळेच्या ॲटलासमधलं पान त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि दोऱ्यानं अंतरं मोजली. टोकियो पहिल्याच दिवशी कटाप झालं. "मुख्यालयाला हात लावायचा नाय. तिथं आधीच ज्यांचे काका-मामा आहेत ते बसलेले असतात." ओसाका म्हणजे वाळूज, कारखान्यांचं; राहायला महाग, हवा खराब. क्योटो म्हणजे पैठण, देवाधर्माचं. सुट्टीत पाहुणे फार येणार. वरचं होक्काइदो म्हणजे पार सोयगाव, टोकाला. तिथं बर्फ पडतो हे कळल्यावर त्यांनी त्यापुढे 'अवघड क्षेत्र' असा शेरा मारला. अर्जात मी पसंतीची तीन ठिकाणं खरी खरी लिहिली होती हे ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "पहिल्या नंबरला कधी मनातलं लिहीत असतात व्हय? टेबलवाला सगळ्यात आधी तेच खोडतो." मी म्हटलं, "काका, असं कोण करतं?" तर शांतपणे म्हणाले, "मी करायचो ना."

मग रोजचा नेम सुरू झाला. साडेदहाला फाटकाची कडी वाजायची. "काय मॅडम, काय आलं का?" "नाही काका." काका वही उघडायचे, तारीख टाकायचे, पुढे 'निरंक' लिहायचे, सही करायचे आणि आईनं दिलेला चहा पिऊन परत जायचे. निरंक म्हणजे काही नाही. पण नुसतं 'काही नाही' म्हटलं की आपल्याला सगळे विसरले असं वाटतं, आणि निरंक म्हटलं की वाटतं, कुणीतरी लक्ष ठेवून आहे. पत्र ई-मेलनं येईल हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "मेल म्हणजे चर्चा," ते म्हणायचे. "आदेश कागदावर असतो." त्यामुळं पोस्टमनवर त्यांची वेगळी नजर होती. तो बिचारा आमच्या गल्लीत शिरताना लांबूनच दोन्ही हात हलवून नाही म्हणायला लागला.

मे संपत आला तरी वहीत निरंकच होतं. शेवटी मी शाळेला राजीनामा दिला. त्या संध्याकाळी पप्पा माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी खोलीत बसून पोटभर रडले. काका दुसऱ्या दिवशी आले ते चौकशी करायला. "राजीनामा दिला ते बरं केलं. कार्यमुक्तीचा आदेश घेतला का?" मी म्हटलं, खासगी शाळेत असलं काही नसतं. "नसतं कसं? जुन्या शाळेनं मोकळं केल्याचा कागद नसेल तर नवी शाळा हजर करून घेईल का तुला?" त्यांनी जागेवर मसुदा लिहून दिला. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी तो हसत हसत सही-शिक्क्यानिशी दिला, आणि तो कागद पिशवीत घालून घरी येताना मला पहिल्यांदा हलकं हलकं वाटलं. पुढचं माहीत नव्हतं, पण मागचं तरी नीट मिटलं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, सव्वादहाला मेल आला. मी तो चार वेळा वाचला आणि कुणाला हाक मारायची तेच सुचेना. तेवढ्यात कडी वाजली. "काय मॅडम, काय आलं का?" मी नुसता फोन पुढे केला. काकांनी चष्मा पुसला, अख्खा मेल अक्षर न अक्षर वहीत उतरवून घेतला, म्हणजे तो कागदावर आला, आणि मगच त्याला क्रमांक दिला. दक्षिणेकडच्या एका छोट्या बेटावरची शाळा होती. माझ्या तिन्ही पसंतींपैकी एकही नव्हती. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. पप्पांनी रात्रपाळीहून आलेले डोळे चोळत ते नाव दोनदा वाचायचा प्रयत्न केला आणि सवयीनं काकांनाच विचारलं, "गाव कसं आहे?"

 वैजापूरपासून सोयगावपर्यंत कुठल्याही गावाचं उत्तर ज्यांच्या जिभेवर असायचं ते काका वही मिटून उठले, चहा न घेता गेले, आणि दोन दिवस साडेदहाला फाटकाची कडी वाजली नाही.

तिसऱ्या दिवशी आले ते एक कागद घेऊन. दोन दिवस ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात कंप्युटरसमोर बसून होते. नकाशात शिरलं की रस्त्याचे फोटो एकामागून एक पुढे सरकतात आणि आपण चालत गेल्यासारखं दिसतं, हे दुकानवाल्या ताईंनी त्यांना दाखवलं होतं. त्या सरकत्या रस्त्यानंही काकांना मळमळलं. ताई सांगत होत्या, एका हातात माउस अन् एका हातात लिंबू धरून बसले होते. काकांनी कागद पप्पांसमोर धरून वाचून दाखवला. "बोटीच्या धक्क्यापासून शाळा चालत अठरा मिनिटं. थोडा चढ आहे. वाटेत एक दवाखाना, दोन किराणा दुकानं. एका दुकानाबाहेर वांगी दिसली. शाळेच्या फाटकाशी फुलझाडं आहेत, म्हणजे कुणीतरी पाणी घालतं. जाताना सावली डाव्या हाताला." पप्पांनी कागद मागून घेतला, पुन्हा वाचला. "वांगी मिळत्यात म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी माझ्या आत्याला फोन लावून सांगितलं की पोरगी जपानला चालली. किती मोठ्यानं सांगितलं! मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि एकटीच हसत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मला ओट्यावर बोलावून एक टाइप केलेला कागद दिला: 'श्रीमती अमुक यांना या कॉलनीतून उद्या दुपारनंतर कार्यमुक्त करण्यात येत आहे. त्यांनी नेमणुकीच्या ठिकाणी तात्काळ हजर व्हावे व तसा अहवाल सादर करावा.' मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, एक बाई होत्या. सिल्लोड तालुक्यात, पार टोकाला नेमणूक निघाली होती त्यांची. कडेवर लहान लेकरू. चारदा माझ्या टेबलाशी आल्या. बदली रद्द करा म्हणाल्या नाय. एवढंच विचारायच्या, साहेब, गाव कसं आहे? मी म्हणायचो, शाळा आहे, खोल्या दोन आहेत. अजून काय पाहिजे?" पुढे बराच वेळ ते पेन्सिलीला टोक करत बसले. टोक चांगलंच होतं.

बेटावर पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यापासून शाळेपर्यंत घड्याळ लावून चालले. मला एकवीस मिनिटं लागली, कारण दोनदा थांबून फुलं पाहिली. दवाखाना होता, दुकानं होती, वांगीही होती. एकही वळण मला नवीन वाटलं नाही. त्या परक्या गावात मी इतकी निर्धास्त चालत होते की माझं मलाच नवल वाटलं. संध्याकाळी अहवाल लिहून, त्याचा फोटो काढून काकांना पाठवला: 'आज सकाळी हजर झाले. गाव आपल्या माहितीप्रमाणेच आहे. फक्त सावली सकाळी उजवीकडे असते. आपण पाहिलेला फोटो दुपारचा असावा.' उत्तर आलं: 'नोंद घेतली.'

दिवाळीच्या सुमारास त्यांचं पोस्टानं पत्र आलं. टाइप केलेलं, वर विषय वगैरे सगळं. 'सादर करण्यात येते की, सिल्लोड तालुक्यातील त्या गावी एसटीने जाऊन समक्ष भेट दिली. प्रवासात चार लिंबे लागली. थांब्यापासून शाळा बावीस मिनिटे. वाटेत ओढा आहे. आता पूल झाला आहे, त्या वेळी नव्हता. शाळेसमोर चिंच आहे. सावली दिवसभर राहते. माणसे चांगली आहेत, पाणी विचारतात. सदर बाई सहा वर्षे तेथे होत्या व मुले त्यांची आठवण काढत, असे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितले. गाव बरे आहे. ही माहिती संबंधितांना वेळेत देता आली नाही, याची नोंद घ्यावी.'

मी लाल पेन्सिल शोधली आणि कोपऱ्यात आवक क्रमांक एक घातला. उत्तर मात्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, तिकडे सकाळचे साडेदहा वाजले तेव्हा, फोन लावला. काकांनी उचलला आणि सवयीनं तेच विचारलं, "काय मॅडम, काय आलं का?"

"आलं, काका," मी म्हटलं.

 पलीकडून त्यांच्या ओट्यावरचा पंखा ऐकू येत होता, आणि लांबून काकू विचारत होत्या, दोडका करू का.