चार नंबरची पाटी

स्क्रीन विकणाऱ्याकडे मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. माल निदान परत तरी पाठवता येतो!

पेडण्यात माझं आणि वासूचं डिजिटल बोर्डांचं दुकान. वासूच्या पायाला भिंगरी. ‘कुठलाही स्क्रीन कुठेही चालतो,’ हे त्याचं तत्त्वज्ञान! माल परत आला की खिशातून पासपोर्ट काढायचा. "बस्स! मी चाललो कुवेतला!" इकडे मला एकच चिंता: एकट्याने दुकान कसं ओढणार?

हरमलच्या किनाऱ्यावर खाण्यापिण्याची झोपडी चालवणाऱ्या शॅकवाल्याला त्याने समुद्राकडे तोंड करून एलसीडी टीव्ही लावून दिला. दुपारी मॅच लागली. स्क्रीनवर ऊन, लाटा आणि गिऱ्हाईकं! एक गोरी बाई त्यात बघून चक्क केस विंचरायला लागली. शॅकवाला म्हणाला, "पात्रांव, टीव्ही मागलेलो. आरसो घराकडे आसा!"

म्हापशाच्या मासळीवालीला एलसीडीचा वजनकाटा दिला. आकडे फक्त तिच्या बाजूने दिसत. समोरची गिऱ्हाईक बाई भडकली, "तुजें तुकाच दिसता, माका नुसतो काळोख!" संध्याकाळी काटा आमच्या टेबलावर आणि पासपोर्ट बाहेर.

डिचोलीच्या खाणीवर ट्रकांच्या वजनासाठी एलईडी बोर्ड. लाल मातीच्या धुळीत वासूने लाल आकडे निवडले! एका ड्रायव्हरने टॉवेलने बोर्ड पुसला, पुन्हा पुसला, मग म्हणाला, "ह्यापेक्षा ओरडून सांगा हो!"

आता आमच्या पेडण्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर दाखवणारा टोकन बोर्ड. डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत बघतो. पेशंटांना नको असेल तर घेऊन जा." वासू कानात पुटपुटला, "हा परत आला तर खरंच गेलो. एजंटशी बोललोय."

सकाळीच बोर्डावर चार लागला. चार नंबर कोरगावच्या आबांचा. ते उठेचनात! तापाने फणफणलेली पोर आली. आबा म्हणाले, "तिका आदी धाडा." दम लागलेली म्हातारी आली. "तिका जाऊं दे." एका मास्तरणीची बस चुकत होती. तीही आत. कंपाउंडर नियमाचा पक्का, चार आत गेल्याशिवाय पाचचं बटण दाबेना. वासू येरझाऱ्या घालून दमला.

"अहो आबा, तुमचा नंबर!"

"म्हायत आसा रे! बस मरे."

दुपारी बाकं रिकामी झाली. डॉक्टर बाहेर आले, बोर्डाकडे बघून म्हणाले, "सकाळपासून चारच?" वासूचा हात खिशाकडे गेला.

तेवढ्यात आबा काठी टेकत उठले.

"डॉक्टर, ही पाटी काडूं नाका हां! सकाळपासून एकदाय माझो नंबर चुकलो नाय!"