बायजाबाईंचं बायजाबाईंनीच सांगितलं

आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये बायजाबाईंइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. त्या परभणीकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा तुर्भ्याच्या कारखान्यांबाहेर भाकऱ्या विकून त्यांनी सुगतला शिकवलं. सत्त्याण्णव साली त्यांचा डावा पाय ओढायला लागला, बोलताना शब्द अडकायला लागले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. मेंदूतला लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच.

सुगतनं मग आईला तळहातावरच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. पाण्याचा पेलासुद्धा उचलू देईना. सून दीक्षा घास भरवायची, वेणी घालायची. सोसायटीत सगळे म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मीही म्हणायचे.

एका दुपारी तो जिन्यातच बसलेला दिसला, डोळे सुजलेले. डॉ. वैदेही कर्णिकांनी सांगितलं होतं, की या आजारात पुढचा अंदाज बराचसा दोन गोष्टींवर बांधतात: पेशंटचं वय, आणि तो स्वतःचं स्वतः किती करतो. बायजाबाईंची दोन्ही उत्तरं वाईट होती. जोरदार औषध त्यांना झेपणार नाही. थोडा किरणांचा शेक देऊ, मग घरी न्या, काही महिने मिळतील.

"उत्तरं दिली कोणी?" मी विचारलं.

त्यानंच दिली होती. जन्माची नोंद कुठे नाही, केस पांढरे झालेले, म्हणून वय पासष्टेक असेल म्हणाला. काय करतात, तर काहीच नाही, आम्ही करूच देत नाही, सगळं अंथरुणावर. हे त्यानं अभिमानानं सांगितलं होतं. आपण आईची हेळसांड करतो असं डॉक्टरांना वाटू नये म्हणून. बायजाबाई शेजारीच बसल्या होत्या. पण शिकलेला मुलगा साहेबलोकांशी बोलत असला की आपण मध्ये तोंड घालायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्या आयुष्यात मुकाट पाळत आल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. नवराबायको कामावर गेले की ह्याच बाई भिंतीला धरून गॅलरी झाडायच्या, आणि सांगू नकोस म्हणून मला डोळ्यांनी दटावायच्या. मी सगळं सांगून टाकलं. वर हेही सुनावलं, की चांगला मुलगा ठरायच्या नादात तू आईला कामातून गेलेली ठरवलंस. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

पुढच्या खेपेला मीही सोबत गेले. सुगतला दाराशीच उभं केलं. डॉक्टरांनी या वेळी बायजाबाईंनाच वय विचारलं.

"साल न्हाई ठाव. नागपूरला धर्मांतर झालं तवा म्या बापाच्या खांद्यावर व्हते."

डॉक्टरांनी छप्पन सालापासून बोटांवर मोजलं. बाई पन्नाशीच्या आतच होत्या. मग त्या उठल्या, पाय ओढत दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि सुटलेला पदर स्वतः खोचला.

"मी भलत्याच बाईचा अंदाज बांधला होता," डॉक्टर म्हणाल्या. औषध जालीम आहे, खात्री देत नाही, पण आता द्यायला हरकत नाही, असंही म्हणाल्या.

औषधानं हाल केले. तोंड सोललं, जेवण तुटलं. तरी घरी असल्या की बायजाबाई पेल्याकडे स्वतः हात न्यायच्या, आणि सुगत आपले हात मांडीखाली दाबून बसायचा. त्याची ती धडपड बघून मला हसू यायचं आणि भरूनही यायचं.

उपचार संपल्यावर पुन्हा स्कॅन झाला. गाठ दिसेना. सुगतनं लगेच विचारलं, आता किती वर्षं? डॉक्टर म्हणाल्या, अंदाज खूप पेशंट मिळून बांधलेला असतो. एकट्या माणसाचं असं सांगता येत नाही. गाठ परत येऊही शकते, तपासायला येत राहा.

"म्याडम, दीक्षाला दिवस गेलेत," बायजाबाई म्हणाल्या. "तिचं बाळंतपण म्याच करनार. तेवढं धरून काय सांगायचं ते सांगा."

हे सुगतला अजून कोणी सांगितलंच नव्हतं. तो पेशंटच्या स्टुलावर मटकन बसला, आणि डॉक्टर आधी त्याच्यासाठी पाणी मागवायला उठल्या.